दाणे टाकू नका, लिव्हर बघून घेईल

डब्याच्या तळाशी राहिलेले शेंगदाणे आहेत ना, जरा आकसलेले, कुठंकुठं हिरवट-पिवळी बुरशी, चावला की तोंड कडू, ते टाकायचे नाहीत हां, दाण्याला भाव काय चाललाय माहितीये ना. कढईत खरपूस भाजा, सालं फुंकून उडवा, मिक्सरला कूट करा आणि उपासाच्या खिचडीत ढकला. भाजलं की सगळं मरतं. बुरशी मरतेच की! तिनं आधीच करून ठेवलेलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तेवढं कढईच्या आचेला पुरतं दाद देत नाही, पण ते कुठं दिसतंय.

अगदीच काळे पडले असतील तर म्हशीला घाला, तेच विष थोडंफार रूप बदलून दुधातून घरीच परत येतं, वाया काही जात नाही.

१९६० ला इंग्लंडात शेंगदाण्याची पेंड खाऊन लाखभर टर्की मेल्या, पण त्या टर्की. १९७४ ला गुजरात-राजस्थानच्या सीमेवर बुरशीचा मका खाऊन कावीळ होऊन शंभरावर माणसं गेली, पण तो मका. आपले तर दाणे आहेत!

आणि लिव्हर कशाला दिलंय देवानं, डिटॉक्सलाच ना? त्याच्या पेशीत सायटोक्रोम पी-४५० नावाची एन्झाइम्स असतात, आलेला माल जरा बदलायचा, पाण्यात विरघळेल असा करायचा आणि बाहेर काढायची सोय करायची, एवढंच काम. फक्त इथं करायला गेले गणपती आणि झाला मारुती, म्हणजे बदलून जे तयार होतं ते मूळच्यापेक्षा जहाल, आणि ते थेट त्याच पेशीच्या डीएनएला जाऊन चिकटतं. पेशीतलंच ग्लुटाथायोन नावाचं रसायन त्यातलं बरंचसं धरून निकामी करतं, पण साठा पुरेल तितकाच. त्यात हेपटायटिस बी असेल तर लिव्हर कॅन्सरचा धोका कैक पटींनी वाढतो, ते एक असो. पीव्हीसी ज्यापासून करतात त्या व्हिनाइल क्लोराइडचीही हीच तऱ्हा, अमेरिकेत लुइव्हिलच्या कारखान्यातल्या कामगारांना लिव्हरचा दुर्मीळ कॅन्सर झाल्याचं १९७४ लाच बाहेर आलं.

दुखतंय का काही? नाही ना? लिव्हरच्या आत दुखणं कळवणाऱ्या नसाच नाहीत, मग कसलं टेन्शन.

सकाळी दुधी-पालकाचा हिरवा ज्यूस घ्या म्हणजे कालचं सगळं माफ. आणि चार वाजता ऑफिसातल्या पोराला सांगा, चहा उकळता आण, कॅरीबॅगेतच, वर रबर लावून, आणि येताना दोन चिक्क्या घे, दाणे कसले म्हणून विचारत बसू नकोस.