करमळीला उतरणाऱ्यांस चार सूचना

चतुर्थीला मुंबईहून गोव्यात, पणजीकडे गावी येताय ना? मग मांडवी एक्स्प्रेसनं करमळीला उतरा. पणजीचं तिकीट मागू नका, पणजीला स्टेशनच नाही.

याला नावं ठेवण्याआधी इतिहास समजून घ्या. साथींनी माणसं पटापट मरू लागली तेव्हा पोर्तुगीजांनी जुनं गोवें सोडलं, आणि १८४३ साली पणजी रीतसर राजधानी झाली. कोकण रेल्वे पुरती सुरू झाली १९९८ साली, आणि तिचं स्टेशन आलं ते ओस पडलेल्या जुन्या गोव्याला खेटून. मधल्या दीडशे वर्षांत राजधानी हलल्याचं रेल्वेला कोणी कळवलं नसावं.

तर उतरलात. आता पणजी फक्त दहा-बारा किलोमीटर. पावसाळी वेळापत्रकामुळे काळोख झालेला असेल, म्हणून घाई करू नका. शेजारीच करमळीचं तळं आहे. हिवाळ्यात लोक तिथं दुर्बिणी घेऊन पक्षी बघायला येतात. तुम्हाला बेडूक ऐकायला मिळतील, तेही फुकट.

टॅक्सीवाल्याला भाडं विचारा, पण उभ्यानं ऐकू नका. रेल्वेनं मुंबईपासून इथवर आणायला किती घेतले हे त्याच्यासमोर बोलून दाखवणं तर असभ्यपणाच.

मग पायलट. गोव्यात पायलट म्हणजे पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाला, विमानाचा नव्हे. बॅग आपल्या पुढ्यात घेऊन ‘बस, पात्रांव’ (म्हणजे मालक) म्हणणारा. गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांची सजवतात त्या माटोळीसाठी आणलेलं सामान, छत्री आणि आपला जीव तुम्ही एकाच हातात धरायचा. दुसरा हात त्याच्या खांद्यावर.

बस हवी असेल तर चालत जुन्या गोव्यातल्या गांधी सर्कलपर्यंत या. दिवसा तिथं बसेसना तोटा नाही, कंडक्टर ‘फुडें वच, फुडें वच’ करत तुम्हाला ड्रायव्हरच्या मांडीपर्यंत पोचवतो. पण दिवेलागणीनंतर खासगी बसेस आपापल्या घरी जातात. त्यांनाही संसार आहे.

काही शहाणे करमळीला उतरतच नाहीत. सरळ मडगावला जातात आणि तिथून तेहतीसेक किलोमीटर उलटे पणजीला येतात. त्यांना हसू नका, त्यांतले बरेच तुमच्याआधी घरी पोचून जेवलेले असतात.

घरी दारातच आई विचारेल, ‘गाडी लेट होती काय गो?’ होय म्हणा. वेळेवर आली होती म्हणालात, तर एवढा वेळ कुठं होता याचा जबाब द्यावा लागेल.