कडक व्हिसाने ट्रॅफिकिंग थांबतं हे आधी बोलायचं बंद करा

डोकं फिरतं खरंच. युक्रेनच्या रेफ्युजींचा विषय निघाला की कोणीतरी सांगायला येतंच, व्हिसाचे नियम कडकच पाहिजेत, नाहीतर ह्युमन ट्रॅफिकिंग, म्हणजे माणसांची तस्करी वाढेल. अरे उलटं आहे ते! दलाल बाईला गाठतो कधी? दोन पोरं आणि एक बॅग घेऊन ती परक्या देशात अडकून पडलेली असते, पैसे संपत आलेले, भाषा येत नाही, नवरा तिकडेच कारण २०२२ ला १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देश सोडायला बंदी, तेव्हाच तो गाडी घेऊन येतो आणि म्हणतो चल, राहायची सोय करतो, काम पण बघून देतो. व्हिसा जितका लांबतो तितका त्याला वेळ मिळतो, एवढं साधं आहे.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने हल्ला केला आणि आयर्लंडने दुसऱ्याच दिवशी व्हिसाची अट काढून टाकली. युरोपियन युनियनने ४ मार्चला टेम्पररी प्रोटेक्शन लागू केलं, २००१ पासून नुसता पडून असलेला कायदा पहिल्यांदा वापरला, राहणं, नोकरी, मुलांची शाळा सगळं त्यात आलं. म्हणजे करता येतं!

आणि ब्रिटन? लोक फ्रान्सच्या कॅले बंदरापर्यंत पोचले, पलीकडे नातेवाईक वाट बघतायत, आणि यांना सांगितलं मागे फिरा, पॅरिसला नाहीतर ब्रसेल्सला जाऊन बोटांचे ठसे द्या. बॉम्बमधून जीव वाचवून आलेल्या माणसांना! ओरड झाल्यावर १५ मार्चपासून पासपोर्टवाल्यांना ठशांची सूट दिली, पण फॉर्म इंग्लिशमध्येच आणि घरातल्या प्रत्येकाचा वेगळा, मग आईचा व्हिसा आला आणि लेकराचा अडकला की ती कशी निघणार, सांगा ना.

सगळ्यात जास्त संताप येतो तो ब्रिटनच्याच होम्स फॉर युक्रेनचा, म्हणजे लोकांनी युक्रेनच्या माणसांना स्वतःच्या घरात ठेवून घ्यायची योजना. कल्पना चांगली होती आणि हजारो घरांनी मनापासून दारं उघडली, ते मी नाकारत नाही. पण स्पॉन्सर, म्हणजे घरात ठेवून घेणारा माणूस, शोधायचा कुठे? ओळख नसेल तर सोशल मीडियावर! एकट्या बाया फोटो टाकून घर मागतायत आणि एकटे राहणारे पुरुष मेसेज करतायत. शेवटी एप्रिलमध्ये यूएनएचसीआरला, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेला, जाहीर सांगावं लागलं की एकट्या बायकांना एकट्या पुरुषांच्या घरी पाठवू नका, कुटुंबांकडे पाठवा. हे कोणी सांगायला लागतं का? कौन्सिलची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची, घरतपासणी तर कित्येकदा बाई तिथे राहायला गेल्यावर. म्हणजे कागद तिचे आधी तपासायचे आणि ज्याच्या घरात ती झोपणार ते घर नंतर बघायचं!

आणि १९ फेब्रुवारी २०२४ ला ब्रिटनने फॅमिली स्कीम, म्हणजे तिथल्या नातेवाइकांनी आपल्या माणसांना बोलवायची योजना, आधी न सांगता बंद केली. आता तिकडे टेम्पररी व्हिसावर असलेली मुलगी स्वतःच्या आईला स्पॉन्सर करू शकत नाही, आईला बोलवायचं तर परत कोणीतरी अनोळखी माणूस शोधायचा.