दोन तासांची मुदत पुरेशी आहे

फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या मनोरंजन उद्यानातल्या उपाहारगृहांत राखून ठेवलेले टेबल वेळेत रद्द न केल्यास माणशी 10 डॉलर आकारले जातात, ही पर्यटकांची लूट आहे, असे एका लेखात म्हटले आहे. मला ते पटत नाही. 2013 मध्ये हे शुल्क तिथल्या बहुतेक मोठ्या उपाहारगृहांना लागू झाले, त्याआधी एकाच संध्याकाळसाठी दोन-तीन ठिकाणी टेबले अडवून ठेवायची आणि ऐन वेळी एकीकडेच जायचे, असे अनेक जण करत. सुरुवातीला आदल्या दिवशीच रद्द करावे लागे. आता दोन तास आधी कळवले तरी चालते.

आम्ही गेलो होतो तेव्हा सासूबाईंना मधुमेहामुळे जेवण वेळेवर हवे होते आणि कुठेच जागा नव्हती. दर पाच मिनिटांनी ॲप उघडून पाहता पाहता सव्वासहाचे पाच जणांचे टेबल अचानक मोकळे दिसले. कोणीतरी आठवणीने रद्द केले, म्हणून त्या वेळेवर जेवल्या.

मात्र 60 दिवस आधी आरक्षण केलेल्या कुटुंबातले मूल ऐन वेळी तापाने फणफणले, तर पाच जणांचे 50 डॉलर माफ करण्याचा अधिकार तिथल्या कर्मचाऱ्याला असावा आणि ही तरतूद आरक्षण करतानाच ठळकपणे दिसावी.