दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर: ग्योकुरो, कोमट पाणी आणि आमची चूक

नमस्कार ताई, रिव्ह्यू परवाच वाचला, पण तेव्हाच उत्तर दिलं असतं तर जरा तडकूनच दिलं असतं म्हणून थांबलो. तुमचं म्हणणं असं की 1800 रुपयांना ग्योकुरो या जपानी ग्रीन टीचं 50 ग्रॅमचं पाकीट नेलं, घरी उकळला तर कडूजहर, पालक शिजवल्याचा वास, रात्रभर झोप नाही, आणि दुकानात चाखायला दिला तोही कोमट आणि दोनच घोट.

आधी आमची चूक. पाकिटावर सगळं जपानीत लिहिलंय आणि काउंटरवरच्या मुलाने तुम्हाला "ग्रीन टीच आहे, करा नेहमीसारखा" असं सांगितलं, मी विचारल्यावर कबूल केलं त्याने. सॉरी. आता प्रत्येक पाकिटाबरोबर मराठीत चिठ्ठी देतोय.

पण कोमट मात्र मुद्दाम होता हो. हा चहा जपानमधल्या फुकुओकाच्या यामे भागातला, तिथे खुडणीच्या आधी वीसेक दिवस मळ्यावर आच्छादन घालून ऊन अडवतात, पूर्वी भाताचा पेंढा असायचा, आता बहुतेक ठिकाणी काळं कापड. (आमचा कापडाखालचाच आहे, पेंढ्याखालचा आणला असता तर किंमत बघून तुम्ही एकच स्टार दिला असता.) पानात थिअनीन नावाचा गोडसर चव देणारा घटक असतो, उन्हात त्याचं कॅटेचिन नावाच्या तुरट घटकात रूपांतर होत जातं, सावलीत ते थिअनीन टिकतं आणि चव गोडसर, भरीव, जवळजवळ कढणासारखी लागते. 50-60 डिग्रीच्या पाण्यात ही चव उतरते आणि तुरटपणा बराचसा पानातच राहतो, उकळलात की सगळंच भसकन बाहेर, म्हणजे त्या शेतकऱ्याची वीस दिवसांची सावली पातेल्यात गेली.

वासाचं म्हणाल तर तो सावलीतल्या चहाचाच, नोरीसारखा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळासारखा, जपानीत त्याला ओओइका म्हणतात आणि तिथे लोक त्याचेच पैसे मोजतात. नाही आवडला तर नाही आवडला, माझ्या आईला अजून आवडत नाही, तिच्या मते दूध नाही तो काढा.

झोपेचं खरंय. ग्रीन टी म्हणजे हलका असं समजून रात्री दहाला मोठा मग भरून प्यायलात, पण जपानच्या अन्नघटक तक्त्यांत तयार ग्योकुरोच्या 100 मिलीत 160 मिलिग्रॅम कॅफीन दिलंय, कॉफीत 60. म्हणून तर दोन घोट.

आता उरलेल्या पाकिटाचं असं करा, पाणी फिल्टरचं घ्या, बोअरच्या जड पाण्यात चव मरते. उकळलं की एका कपातून दुसऱ्या कपात ओता, प्रत्येक ओतण्याला साधारण दहा डिग्री उतरतं, चारदा झालं की झालं, थर्मामीटर नको. 5 ग्रॅम पत्ती, पाणी फक्त 60 मिली, दोन मिनिटं हलवू नका, सुयांसारखी घट्ट वळलेली पानं हळूहळू सुटताना दिसतील. मग गाळताना शेवटचा थेंब पडेपर्यंत धीर धरा, खरी चव त्या थेंबांत असते आणि पाणी मागे राहिलं तर पुढचा कप कडू होतो. त्याच पत्तीवर अजून दोनदा पाणी घालता येतं, जरा जास्त गरम आणि कमी वेळ. शेवटी ती पत्ती थोडा सोया सॉस घालून खाऊन टाका, मस्करी नाही, तिथे खातात.

तरी नाही जमलं तर पाकीट घेऊन शनिवारी सकाळी या, मी स्वतः करून देतो, आणि तेव्हाही नाही आवडला तर पूर्ण पैसे परत, फोडलेलं पाकीट असलं तरी. आणि ताई, तुमच्या फोटोत ते पाकीट गरम मसाल्याच्या बरणीला टेकून उघडंच उभं आहे, ते आजच हवाबंद डब्यात घालून तिथून हलवा.