बाझिलिकाता राहिलं की!
इटलीवरच्या या लेखात टस्कनी आणि अमाल्फी छान आलंय पण दक्षिणेतल्या बाझिलिकाता प्रांताचं नावच नाही याचं वाईट वाटलं. तिथल्या मातेरा शहराला बारी शहरातून सरळ ट्रेन आहे, तिथली सास्सी म्हणजे डोंगरात कोरलेली घरं, १९५० च्या दशकात सरकारने लोकांना तिथून हलवलं होतं आणि १९९३ ला तेच युनेस्कोच्या यादीत आलं, केवढा बदल! आणि खाणं, अहाहा. सेनीझे गावच्या लाल गोड मिरच्या माळा करून वाळवतात मग गरम तेलात क्षणभर तळतात, आपल्या सांडगी मिरचीसारख्या कुरकुरीत पण तिखट अजिबात नाही, पास्तावर त्या आणि तळलेला ब्रेडचा चुरा, शाकाहारी लोकांनी तर नक्की खा. गाडी असेल तर कास्तेलमेझानोपण करा, सुळक्यांना चिकटलेलं गाव आहे.