एइमाइशन: अंडं की एमाउस?

तुमचा आक्षेप असा: ईस्टर सोमवारच्या ‘एइमाइशन’ या लक्झेंबर्गमधल्या सणाच्या नावाशी बायबलमधल्या एमाउस गावाचा संबंध ओढूनताणून जोडला आहे. ‘आय’ म्हणजे जर्मनमधलं अंडं, ‘माय’ म्हणजे मे महिना, आणि ईस्टर म्हटलं की अंडी आलीच. ऐकायला पटतं. पण शब्द जर्मन नाही, लक्झेंबर्गिश भाषेतला आहे, आणि तिथंच घोडं पेंड खातं.

लक्झेंबर्गिशमध्ये अंड्याला नुसतं दीर्घ ‘ए’ म्हणतात. जर्मन ‘आय’ हा स्वर दोन वेगळ्या जुन्या स्वरांपासून आला आहे. एका गटातल्या श्टाइनचा (दगड) इकडे ‘श्टेन’ झाला, दुसऱ्या गटातल्या वाइनचा ‘वॅइन’. अंडं श्टाइनच्या गटातलं. मे महिनाही इकडे ‘मे’च, म्हणजे अंडं आणि मे जोडून काही ‘एइमाइ’ होत नाही. लक्झेंबर्गिश ऑनलाइन शब्दकोशात उच्चार ध्वनिमुद्रित आहेत. दोन्ही शब्द जरूर ऐकून बघा. शिवाय हा सण ईस्टर सोमवारचा. तो २३ मार्च ते २६ एप्रिल यांच्यामध्येच पडतो, मे महिन्याला कधी शिवतच नाही.

आता शब्दाचा शेवट पाहा, खरा पुरावा तिथं आहे. ‘-शन’ हा लघुत्ववाचक (‘छोटा’ असं सांगणारा) प्रत्यय लागला की आधीचा ‘आउ’ बदलून ‘आइ’ होतो: हाउस (घर) – हाइशन, माउस (उंदीर) – माइशन. त्याच नियमानं एमाउसचं ‘-माइशन’ होतं. पहिलं अक्षर मात्र इतकं सरळ नाही. जर्मन उच्चारात एमाउसचा ‘ए’ ऱ्हस्व आहे. तो दीर्घ धरला तरच जर्मन श्ने – लक्झेंबर्गिश श्नेइ (बर्फ) याप्रमाणे ‘एइ’ मिळतो. व्युत्पत्तीचा कच्चा दुवा असेल तर तो हा, अंड्याचा नव्हे.

एमाउस कुठून आलं? ईस्टर सोमवारच्या प्रार्थनेतलं वाचन लूकच्या शुभवर्तमानातलं (२४:१३–३५): एमाउसच्या वाटेवर दोन शिष्यांना भेटलेला ख्रिस्त. दक्षिण जर्मनी आणि ऑस्ट्रियात याच दिवशी पायी फिरायला जातात, त्याला ‘एमाउसगांग’ म्हणतात. म्हणजे दिवसाला या गावाचं नाव देणारे लक्झेंबर्गवाले एकटे नाहीत.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: या सणाच्या जत्रेत तर मातीच्या पक्ष्यांच्या शिट्ट्या विकतात, त्यात एमाउस कुठं? नाव दिवसाचं आहे, मालाचं नाही. लक्झेंबर्ग शहराच्या जुन्या मासळीबाजारात आणि नोस्पेल्ट या कुंभारांच्या गावात जत्रा भरते, म्हणून माल मातीचा. त्या शिट्टीचं नाव वेगळं, ‘पेकफिलशन’. फुल म्हणजे पक्षी, फिलशन म्हणजे छोटा पक्षी. ‘-शन’ लागताच स्वर इथंही बदललाच.