पार्कात सापडलेलं जुनं नाणं "दहा रुपयांच्या आतलं" नसतं

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, की शिवाजी पार्क नाहीतर आझाद मैदानात मेटल डिटेक्टर फिरवा, नाणं मिळालं तर ते तुमचंच, कारण कायदा फक्त दहा रुपयांच्या वर लागतो आणि जुनं नाणं तर एक रुपयाचं किंवा एक आण्याचं असतं. हे चूक आहे, कृपया फॉरवर्ड करू नका.

१८७८ च्या ट्रेझर ट्रोव्ह (म्हणजे जमिनीत दडलेलं धन) कायद्यात दहा रुपयांची मर्यादा आहे हे खरंय, पण तिथे शब्द रक्कम किंवा किंमत असा आहे, नाण्यावर काय छापलंय तेवढंच बघत नाहीत. पंचम जॉर्जचा चांदीचा रुपया घ्या ना, वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, त्यात जवळपास ९२ टक्के चांदी, नुसत्या चांदीचेच किती होतात बघा.

मातीत दडलेलं असं काही मिळालं की कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, काय मिळालं, कुठे, कधी. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. उलट रीतसर कळवलं आणि त्या नाण्याचा कुणी मालक निघाला नाही, तर कायद्यात शोधणाऱ्याचा वाटा पाऊण आहे आणि पाव जागामालकाचा, हे मेसेजवाले सांगतच नाहीत! कळवायचं कुठे, तर दादरला मिळालं तर फोर्टच्या जुन्या जकात घरातलं कलेक्टर ऑफिस, अंधेरी-बोरिवलीला उपनगरचं, बांद्र्याला.

आणि प्लीज, ते नाणं चिंचेने घासू नका, वरचा थर गेला की संग्राहकाच्या लेखी किंमत धाडकन उतरते.